हृदयोपचार : आधी ‘केव्हा’, मग ‘कोठे’

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून भूगाव, पिरंगुट, मुठा या वाटेने निघालो आणि टेमघरचा घाट चढून गेलो की लवासा लागते. मुळशी तालुक्यात, मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी हे नगर इटलीतील पोर्टोफिनो या बंदरगावाच्या धर्तीवर उभारायला घेतले गेले. २०१८ मध्ये ते उभारणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि आराखड्यातील पुष्कळ गोष्टी कागदावरच राहिल्या. तरीही तेथे वस्ती आहे. शांतता हवी म्हणून घर घेतलेली निवृत्त माणसे आहेत, शिकणारे विद्यार्थी आहेत, हॉटेलांत काम करणारी मुले आहेत आणि दासवे, मुगाव या मूळ गावांतली कुटुंबेही आहेत. पावसाळ्यात सहली येतात, त्यांत शिक्षकही असतातच.

समजा, अशाच एका घरात पहाटे साडेपाच वाजता चौसष्ट वर्षांच्या आजोबांच्या छातीत दडपल्यासारखे होऊ लागले. डावा हात जड झाला, कपाळावर घाम फुटला. आजींनी मुलाला न्यू जर्सीला फोन लावला. तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ होती, मुलगा जागा होता. तो म्हणाला, “आई, घाबरू नकोस. पुण्यात सगळ्यांत चांगलं हॉस्पिटल कोणतं ते मी विचारून सांगतो. जमलं तर बाबांना इकडेच घेऊन येऊ.” शेजारचे काका म्हणाले, “पित्त असेल, वहिनी. ओवा द्या, बरं वाटेल.” सारे जण आपुलकीनेच बोलत होते. पण घड्याळ पुढे सरकत होते.

त्याच घरात दुसराही एक हृदयरुग्ण आहे. खुद्द आजींच्या हृदयाची एक झडप गळते. ती दुरुस्त करावी किंवा बदलावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. येत्या काही महिन्यांत केली तरी चालेल, असेही सांगितले आहे. ‘कोठे न्यावे, येथे की परदेशी?’ हाच प्रश्न आजींच्या बाबतीत विचारला तर तो शहाणपणाचा आहे. आजोबांच्या बाबतीत त्या पहाटे विचारला तर तो जिवावर बेतू शकतो. असे का, ते या लेखात पाहू.

दोन प्रकारची दुखणी

हृदय म्हणजे साधारण ३०० ग्रॅम वजनाचा स्नायूंचा पंप. मिनिटाला सुमारे ७० ठोके धरले तर दिवसाला एक लाख ठोके होतात. शरीरभर रक्त पाठवणाऱ्या या पंपाला स्वतःलाही रक्त लागते. ते त्याच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या कॉरोनरी रोहिण्यांतून मिळते. या रोहिण्यांच्या आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षे चरबीयुक्त थर साचत जातो. रोहिणी हळूहळू अरुंद झाली तर चढ चढताना छातीत दुखते आणि थांबले की दुखणे थांबते. पण कधी कधी त्या थराला अचानक तडा जातो. तेथे रक्ताची गुठळी होते आणि रोहिणी बंद पडते. हाच हृदयविकाराचा मोठा झटका.

पाण्याचा पाट एका जागी बुजला तर त्या जागेच्या खालचे शेत वाळते, तसेच येथे होते. फरक एवढाच, की शेत वाळायला दिवस लागतात आणि हृदयस्नायू मरायला मिनिटे. रोहिणी पूर्ण बंद झाल्यावर सुमारे वीस मिनिटांनी स्नायूपेशी मरू लागतात. मृत्यूची ही लाट हृदयभिंतीच्या आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे सरकत जाते आणि पुढच्या काही तासांत त्या भागातला बहुतेक स्नायू गमावलेला असतो. मेलेला हृदयस्नायू पुन्हा उगवत नाही. तेथे व्रण राहतो आणि व्रण आकुंचन पावत नाही.

म्हणून आम्ही हृदयाच्या दुखण्यांचे दोन ढीग करतो. एक घड्याळाची दुखणी, ज्यांत वेळ मिनिटांनी मोजायचा. दुसरी कॅलेंडरची दुखणी, ज्यांत वेळ आठवड्यांनी आणि महिन्यांनी मोजता येतो. झटका पहिल्या ढिगात येतो. गळणारी झडप, चालल्यावरच होणारे ठरावीक दुखणे, लहानपणी लक्षात न आलेले हृदयाचे छिद्र ही बहुधा दुसऱ्या ढिगात येतात. उपचार कोठे घ्यायचे हे ठरवण्यापूर्वी आपले दुखणे कोणत्या ढिगातले ते ठरवावे लागते.

एका तासाची किंमत

वेळेची किंमत किती, हे इटलीतील डॉक्टरांनी एका मोठ्या अभ्यासात मोजले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात झटका आलेले ११ हजारांहून अधिक रुग्ण होते. निम्म्यांना गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज हे औषध दिले, निम्म्यांना दिले नाही. दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्या तासात जे आले त्यांच्यापैकी औषध न मिळालेले शेकडा १५.४ दगावले, औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ८.२ होते. म्हणजे हजार रुग्णांमागे ७२ जीव वाचले. तीन ते सहा तासांनी आलेल्यांत हीच प्रमाणे १४.१ आणि ११.७ होती, म्हणजे हजारी २४ जीव. औषध तेच, मात्रा तीच, डॉक्टरही तेच. बदलले होते ते फक्त घड्याळ. पुढच्या अभ्यासांतून बारा तासांपर्यंत काही ना काही फायदा होतो असे दिसले, पण तो उतरत्या भाजणीने.

१९८८ च्या दुसऱ्या एका अभ्यासाने आणखी साधी गोष्ट दाखवली. १७ हजारांवर रुग्णांच्या त्या अभ्यासात केवळ ॲस्पिरिनने पहिल्या पाच आठवड्यांतले हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले. ॲस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही दिल्यावर ते सुमारे ४२ टक्क्यांनी कमी झाले. काही पैशांची गोळी आणि लाखोंची यंत्रे यांच्यातले अंतर आपण समजतो तेवढे नसते.

बंद रोहिणी उघडण्याचा आज सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे फुग्याची अँजिओप्लास्टी. मनगटातील किंवा जांघेतील रोहिणीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, फुगा फुगवून, जाळीची नळी म्हणजे स्टेंट बसवतात. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७ मध्ये झुरिकला कॉरोनरी रोहिणीवर हा उपचार प्रथम केला. मात्र त्यासाठी कॅथ लॅब लागते आणि ती मोठ्या गावातच असते. म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी एक व्यावहारिक नियम केला आहे: ईसीजीवरून मोठ्या झटक्याचे निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर थेट तिकडे जावे. होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या जागी लगेच द्यावे आणि मग रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवावे. काही रुग्णांना हे इंजेक्शन चालत नाही. ते डॉक्टर ठरवतात.

लवासाचे गणित

आता आजोबांकडे परत जाऊ. लवासा ते पुणे हे अंतर साठेक किलोमीटर आहे. घाट, वळणे आणि पावसाळ्यातले धुके धरले तर दोन तास सहज जातात. त्यापूर्वी वाहन येण्याचा वेळ आहे. पुण्यात पोचल्यावर कॅथ लॅब सज्ज करून रोहिणी उघडेपर्यंतचा वेळ आहे. बेरीज करून पाहा. १२० मिनिटांच्या नियमात हे बसत नाही. तेव्हा या घरासाठी खरा प्रश्न ‘पुण्यातले सर्वांत चांगले रुग्णालय कोणते?’ हा नाही. ‘वाटेवर ईसीजी काढून इंजेक्शन देण्याची सोय सर्वांत आधी कोठे मिळेल?’ हा आहे. त्याचे उत्तर पहाटे साडेपाचला शोधायचे नसते; ते आधीच चौकशी करून भिंतीवर लिहून ठेवायचे असते. आणि न्यू जर्सीची गोष्टच नको. बारा हजारांवर किलोमीटर दूरचे जगातले उत्तम रुग्णालय या आजाराच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

हे केवळ लवासाचे दुखणे नाही. भारतातील ८९ रुग्णालयांतल्या सुमारे २१ हजार रुग्णांची पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. हृदयाचे तातडीचे दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक वेळ त्यात ३६० मिनिटे निघाला. म्हणजे निम्म्या रुग्णांचे सहा किंवा अधिक तास घरात, वाहनाच्या शोधात आणि ‘थोडं थांबून बघू’ यात गेले होते.

उपाय मात्र आहे. तमिळनाडूत २०१२ ते २०१४ या काळात लहान रुग्णालये आणि कॅथ लॅब असलेली मोठी रुग्णालये एका जाळ्यात जोडून पाहिली. ईसीजी लहान जागी काढायचा, तो दूरच्या तज्ज्ञाने वाचायचा, इंजेक्शन तेथेच द्यायचे आणि मग रुग्ण हलवायचा. २,४२० रुग्णांच्या या प्रयोगात वर्षभरातील मृत्यूचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. कोणालाही परदेशी पाठवलेले नव्हते. आहे त्याच साधनांची साखळी केली होती. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. तिला फोन करणे हा या साखळीतला पहिला दुवा आणि तो आपल्या हातात आहे.

परदेशाची वाट कधी खरी होती

मग ‘हृदयासाठी परदेशी जावे’ ही कल्पना आली कोठून? ती एके काळी अगदी योग्य होती. रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंडला पायातील नीला वापरून बायपास शस्त्रक्रिया रूढ करायला सुरुवात केली. भारतातील पहिली यशस्वी बायपास १९७५ मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी मद्रासच्या पेरांबूर येथील रेल्वे रुग्णालयात केली. मधल्या वर्षांत, आणि त्यानंतरही बराच काळ, ज्यांना परवडे ते लंडन, ह्यूस्टन गाठत.

आपल्याकडे धाडस किंवा कौशल्य नव्हते असे नाही. दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले हृदयारोपण केले डिसेंबर १९६७ मध्ये. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते केले. रुग्ण काही तासच जगला. भारतात यशस्वी हृदयारोपण व्हायला १९९४ साल उजाडले. ते दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केले. एका शस्त्रवैद्याच्या कौशल्याइतकीच त्यामागे रक्तपेढी, भूल, नंतरची शुश्रूषा आणि औषधे यांची व्यवस्था लागते, हा या सव्वीस वर्षांचा धडा.

काळ कसा बदलला हे एकाच रुग्णाच्या उदाहरणावरून दिसते. डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० मध्ये ब्रिटनमध्ये झाली. जानेवारी २००९ मध्ये ते पंतप्रधान असताना दुसऱ्यांदा बायपास करावी लागली. दुसरी बायपास पहिलीपेक्षा अवघड असते. ती दिल्लीच्या त्याच आयुर्विज्ञान संस्थेत झाली आणि शस्त्रक्रियेसाठी मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा यांचे पथक दिल्लीला गेले. आज तर उलटा प्रवाहही आहे. आफ्रिका, पश्चिम आशिया आणि शेजारच्या देशांतून रुग्ण हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी भारतात येतात.

आजींचा प्रश्न

आता आजींच्या झडपेकडे वळू. येथे कॅलेंडर हाताशी आहे, म्हणून निवड करायला वाव आहे. ती करताना पाच प्रश्न ओळीने विचारावेत, असे आम्ही सुचवू.

पहिला प्रश्न : हा उपचार खरोखर हवा आहे का? विशेषतः अरुंद रोहिण्यांच्या बाबतीत हे विचारावेच. २००७ आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवले, की दुखणे स्थिर असलेल्या बहुतेक रुग्णांत आधीच स्टेंट किंवा बायपास करून मृत्यू टळण्याचे प्रमाण, नीट औषधोपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत, वाढत नाही. दुसऱ्या अभ्यासात ३७ देशांतले ५ हजारांवर रुग्ण होते. छातीतले दुखणे मात्र शस्त्रक्रियेने अधिक कमी होते. डाव्या मुख्य रोहिणीत मोठा अडथळा असणे, हृदयाची शक्ती फार घटलेली असणे, औषधांनी दुखणे न थांबणे, असे अपवाद आहेत. तेव्हा ‘येथे की परदेशी?’ या प्रश्नाचे उत्तर कधी कधी ‘घरीच, औषधे घेऊन’ असेही असते. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात संकोच नसावा.

दुसरा प्रश्न : नेमकी हीच शस्त्रक्रिया तेथे वर्षाला किती होतात? १९७९ मध्ये अमेरिकेतील सुमारे दीड हजार रुग्णालयांच्या अभ्यासात दिसले, की हृदयशस्त्रक्रियेसारख्या अवघड शस्त्रक्रिया वर्षाला दोनशे किंवा अधिक करणाऱ्या ठिकाणी मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते. हात सरावाने बसतो, तसाच सगळ्या पथकाचाही बसतो. इमारतीची चकाकी हा सरावाचा पुरावा नव्हे.

तिसरा प्रश्न : निकाल काय आहेत? येथे गणिताच्या शिक्षकांना काम आहे. एका रुग्णालयाने हजार शस्त्रक्रिया केल्या आणि २० रुग्ण दगावले. दुसऱ्याने ५० केल्या आणि एकही दगावला नाही. कोणते चांगले? ‘शून्य’ पाहून दुसरे निवडण्याचा मोह होतो. पण संख्याशास्त्रात तीनचा नियम आहे: न इतक्या प्रयत्नांत एकही अपयश नसेल, तर अपयशाचे खरे प्रमाण ३ भागिले न इतके असू शकते, असे ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा सांगते. ५० साठी ती ६ टक्के येते. पहिल्याचे २ टक्के मात्र हजार अनुभवांवर उभे आहेत. शिवाय सोपे रुग्ण घेऊन अवघड रुग्ण परत पाठवणाऱ्याचे आकडे आपोआप सुंदर दिसतात. म्हणून ‘माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या रुग्णांत निकाल काय?’ असे विचारावे.

चौथा प्रश्न : नंतर कोण पाहणार? कृत्रिम धातूची झडप बसवली तर रक्त गोठू नये म्हणून जन्मभर औषध घ्यावे लागते. ते कमी पडले तर झडपेवर गुठळी, जास्त झाले तर रक्तस्राव. त्यामुळे रक्ताची ठरावीक तपासणी वरचेवर करावी लागते. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या झडपेला हे औषध बहुधा जन्मभर लागत नाही, पण ती काही वर्षांनी झिजते. शस्त्रक्रिया न्यू जर्सीला झाली तरी तपासणी मुळशीतच व्हायची आहे. ती घाट उतरून नियमित करणे जमेल का, यावर झडपेची निवडसुद्धा अवलंबून राहू शकते. शस्त्रक्रिया एका दिवसाची असते, शुश्रूषा वर्षांची.

पाचवा प्रश्न : सगळा खर्च किती आणि कोण देणार? शस्त्रक्रियेच्या आकड्यात प्रवास, सोबत्याचा मुक्काम, लांबलेली भरती आणि नंतरच्या फेऱ्या धरलेल्या नसतात. परदेशी पाहुण्यांसाठीचा विमा आधीपासून असलेला आजार बहुधा वगळतो. विमानात केबिनमधला हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका असतो, म्हणजे रक्तातील ऑक्सिजन थोडा उतरतो. तेव्हा दुबळ्या हृदयाच्या रुग्णाने प्रवासाआधी डॉक्टरांना विचारावे. येथे स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने मर्यादा घातली. औषधी स्टेंटसाठी ती तेव्हा २९,६०० रुपये होती. राज्याच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया येतात. प्रतिकुटुंब वर्षाला दीड लाखाची तिची मर्यादा पाच लाख करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. मात्र उपचार योजनेच्या अंगीकृत रुग्णालयातच घ्यावे लागतात. दासव्यातल्या कुटुंबासाठी ‘कोठे’चे उत्तर त्या यादीतच सापडणार आहे आणि ती यादी त्यांना वाचून दाखवणारा बहुधा गावातला शिक्षकच असणार आहे.

या पाच प्रश्नांनंतरही क्वचित परदेशाची वाट निघते. विरळा जन्मजात दोष असेल, येथे न मिळणारे उपकरण असेल, किंवा सगळे कुटुंबच तिकडे कायमचे असेल, तर ती नाकारण्याचे कारण नाही. ‘परदेशी’ म्हणजे आपोआप ‘अधिक चांगले’ हे समीकरण तेवढे सोडावे.

वर्गात करण्याजोगे

नववी-दहावीच्या मुलांना आपल्या गावाचा ‘हृदय-नकाशा’ करायला सांगा. शाळेपासून सर्वांत जवळ ईसीजी कोठे निघतो? गुठळी विरघळवणारे इंजेक्शन कोठे मिळते? कॅथ लॅब कोठे आहे? प्रत्येक ठिकाण किलोमीटरने नव्हे, मिनिटांनी दाखवा. दिवसाची, रात्रीची आणि पावसाळ्यातली मिनिटे वेगळी. १२० मिनिटांची रेघ कोठे पडते ते पाहा. नकाशाखाली चार ओळी लिहा: छातीत दडपण, हात किंवा जबडा दुखणे, घाम, धाप यांपैकी काही पंधरा-वीस मिनिटे राहिले तर १०८ ला फोन, रुग्णाला चालवू नये, ॲस्पिरिनची ॲलर्जी वा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळी चावून खायला द्यावी, माणूस कोसळला आणि श्वास थांबला तर छातीवर दाब देणे लगेच सुरू करावे. स्त्रियांत आणि मधुमेहींत लक्षणे सौम्य वा निराळी असू शकतात, हेही लिहा.

हा नकाशा शाळेच्या भिंतीवर लागला आणि त्याची एक प्रत मुलांबरोबर घरी गेली, तर कोणत्या तरी पहाटे एखाद्या आजी न्यू जर्सीच्या आधी १०८ ला फोन लावतील. मुलाला फोन रुग्णवाहिकेतूनही करता येतो.